विहिरीपासून ग्रामसभेपर्यंत

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत पर्यावरणाचे लोककार्य तीन रूपांत दिसते. कुठे कृषी विज्ञान केंद्रात किंवा शाळेच्या वर्गात कार्यशाळा होते आणि शेतकरी, शिक्षक, बचत गटांतल्या बाया पाऊस-पाण्याचा हिशेब शिकतात. कुठे कॉलेजची मुले सुट्टीच्या दिवशी फावडी-घमेली घेऊन जुन्या विहिरीतला गाळ काढतात. कुठे पंचायतीच्या आवारात ग्रामसभा भरते आणि तलाव, गायरान, कचरा, बोअरवेल यांवर ठराव होतात. शिकणे, राबणे आणि ठरवणे अशी ही तीन कामे आहेत. ती बहुतेक वेळा वेगवेगळी माणसे एकमेकांना न विचारता करतात, आणि बरेचसे कष्ट त्यामुळेच वाया जातात. उपसलेली विहीर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा कचऱ्याने भरते, कारण तिची राखण कोणी करायची हे कोणत्याच सभेत ठरलेले नसते. सभेतला चांगला ठराव कागदावरच राहतो, कारण त्यामागे राबणारे हात नसतात.

हा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बीदर हा हैदराबाद राज्यातला मोठा जिल्हा होता आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्यातच होते. पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले आणि जहीराबादकडचा भाग आंध्रात गेला. औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतल्या आळंद तालुक्यात आजही अनेक घरांत मराठी बोलली जाते. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांची शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, आणि दत्तभक्तांचे गाणगापूर त्याच जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर. बीडच्या बालाघाट डोंगरात उगम पावणारी मांजरा धाराशिव, लातूर करत बीदरमध्ये उतरते. माणसांच्या नात्यागोत्यासारखेच इथले पाणीही सीमेच्या दोन्ही बाजूंना वाहते.

या भागातल्या लोककार्याचा सर्वांत बोलका नमुना बीदर शहरात जमिनीखाली आहे. तो समजण्यासाठी आधी बीदरची जमीन समजली पाहिजे. शहर एका उंच पठारावर वसले आहे. वर जांभा दगडाची जाड टोपी, तिच्याखाली चिकणमातीसारखा थर आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. कोकणातल्या लोकांना जांभा चांगला माहीत असतो: सच्छिद्र, पाणी पटकन पिणारा, खणायला तुलनेने सोपा. बीदरच्या किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक याच दगडात कोरून काढलेला आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे सरकू लागते. पठाराची कड जिथे तुटते तिथे ते झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंहाच्या भुयारात भाविक छातीभर पाण्यातून चालत दर्शनाला जातात ते हेच पाणी. नानक झिऱ्याच्या गुरुद्वाऱ्यातला झरा आणि पापनाश मंदिराजवळचे पाणी यांचे मूळही पठाराच्या याच रचनेत आहे. तीन वेगळ्या श्रद्धास्थानांना पाणी पुरवणारा जांभा एकच.

पंधराव्या शतकात अहमदशहा वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. पठारावरच्या किल्ल्याला आणि वाढत्या वस्तीला पाणी हवे होते. तेव्हा बहमनी दरबारात इराणकडून आलेल्या माणसांचा मोठा राबता होता. १४७२ मध्ये बांधलेला महमूद गावानचा मदरसा त्याची साक्ष देतो. इराणात कनात नावाने चालणारी जमिनीखालच्या कालव्याची पद्धत बीदरच्या जांभ्याला नेमकी मानवली. तिला इथे कारेझ म्हणतात. चढाच्या बाजूला मुख्य विहीर खणायची, तिला लागलेले पाणी अगदी मंद उताराच्या बोगद्यातून पुढे न्यायचे आणि जमीन खाली उतरते तिथे ते आपोआप उघड्यावर आणायचे. मोट, रहाट, पंप कशाचीच गरज नाही. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी असतात. खणताना माती त्यांतून वर काढली जाते, आत हवा खेळती राहते आणि पुढे सफाईसाठी उतरता येते. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) नहर आणि बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा याच कुळातल्या व्यवस्था आहेत. बीदरमध्ये नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा तीन कारेझ ओळखल्या गेल्या असून त्यांत नौबादची सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. तिची लांबी सुमारे दोन किलोमीटर, आणि वाटेवर वीसहून अधिक उभ्या विहिरी.

काळाच्या ओघात नळ आले, बोअरवेल आल्या आणि कारेझ लोकांच्या मनातून गेली. उभ्या विहिरी म्हणजे शेतातले निरुपयोगी खड्डे ठरले. काही बुजवल्या गेल्या, काहींत कचरा पडू लागला. केरळमधले भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या बोगद्यांचा माग काढून त्यांचे नकाशे केले, आणि टीम युवा ही बीदरमधली तरुणांची संघटना, वारसाप्रेमी संस्था व जिल्हा प्रशासन त्या कामाभोवती एकत्र आले. २०१० नंतरच्या दशकात नौबादच्या कारेझचा गाळ काढण्याचे काम झाले. मजूर उभ्या विहिरींतून दोरखंडाने उतरत, बोगद्यातला चिखल टोपल्यांत भरत आणि वरची माणसे तो ओढून घेत. शेकडो वर्षांपूर्वी जसे खणले, जवळपास तसेच उपसले. बोगद्यात पुन्हा पाणी दिसले तेव्हा शहरातली माणसे ते पाहायला येऊ लागली. शाळांच्या सहली, वारसाफेऱ्या आणि अभ्यासकांच्या भेटी सुरू झाल्या.

कारेझच्या कामातून एक गोष्ट लख्ख दिसली. बोगदा साफ करणे हे अर्धेच काम आहे. त्यात येणारे पाणी वरच्या पठारावर मुरते, आणि पठारावर आता घरे, रस्ते, नवे प्लॉट होत आहेत. फरसबंदी झाली की पाऊस जांभ्यात उतरण्याऐवजी गटारात जातो. शिवाय जांभा जसा स्वच्छ पाणी पितो तसेच शोषखड्ड्यातले मैलापाणीही पितो. बोगदा सरकारी देखरेखीखाली आणता येतो. त्याच्यावरची जमीन मात्र असंख्य मालकांची असते. एकाने बोअर मारली तर तिचा परिणाम दूरच्या झऱ्यावर होऊ शकतो. म्हणून इथे स्वयंसेवकांच्या फावड्याला मर्यादा आहे. कोणत्या जागेवर बांधकाम नको, कुठे पुनर्भरणाचे खड्डे हवेत, कुठे बोअर नको, हे शहराच्या आराखड्यात आणि वॉर्डातल्या बैठकीत ठरावे लागते. कारेझ टिकेल की नाही याचा निकाल जमिनीच्या वर लागणार आहे.

२०१६ चा उन्हाळा या भागातल्या लोकांच्या लक्षात राहिला आहे. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाने मांजरेचे खोरे कोरडे पडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लीटर. त्याच नदीच्या खालच्या अंगाला बीदर जिल्हाही होरपळत होता. त्या वर्षी बीदरच्या जिल्हा प्रशासनाने जुन्या विहिरी आणि तलावांचा गाळ काढण्याची मोहीम हाती घेतली आणि तिला नागरिक, तरुणांचे गट व देणगीदार यांची साथ मिळाली. शहरातली जहाज की बावडी अशाच प्रयत्नांतून मोकळी झाली. टंचाईच्या वर्षी माणसे चटकन एकत्र येतात. पाऊस बरा झाला की पांगतात. म्हणूनच मोहीम चालू असतानाच विहिरीचा कारभार कोणाकडे राहील हे लिहून घेण्याला फार महत्त्व आहे.

पाण्यासाठी एकत्र राबण्याची परंपरा इथे जुनी आहे. बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तलाव खणवला अशी परंपरा सांगते, आणि पुढे ते कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, अनुभवमंटपात दाखल झाले. त्या मंटपात निरनिराळ्या जातींचे आणि धंद्यांचे शरण (शिवभक्त), स्त्रियांसह, एकत्र बसून बोलत. कष्ट हीच पूजा मानणारा कायक आणि मिळालेले समाजाला परत देणारा दासोह हे विचार इथल्या खेड्यांत आजही जिवंत आहेत. बीदरच्या गुरुद्वाऱ्यात कारसेवा चालते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला गाडगेबाबांचा खराटा आठवावा असा हा मुलूख आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये देशभर सुरू झाली. गुलबर्गा विद्यापीठाच्या आणि इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तिच्यामार्फत सात दिवसांच्या ग्रामीण शिबिरांची संधी मिळते. सात दिवसांत एक ओढा किंवा एक विहीर नीट होऊ शकते. सात कामांना हात लावला तर एकही होत नाही. शिबिराची आखणी करणाऱ्या प्राध्यापकांनी हे ध्यानात घेतले तर मुलांच्या घामाचे चीज होईल.

जुनी विहीर साफ करणे हे धाडसाइतकेच शिस्तीचे काम आहे. प्रथम विहीर कोणाची हे पाहावे लागते: खासगी, देवस्थानची, पंचायतीची की पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालची. परवानगी लेखी हवी. मग कडेची झुडपे काढायची. दगडी बांधकामात घुसलेली पिंपळाची किंवा उंबराची मुळे ओढून काढली तर चिरे निखळतात, म्हणून ती कापून हळूहळू मारावी लागतात. त्यानंतर मोटार लावून उपसा. पाणी खाली गेले की तळाशी प्लास्टिक, बाटल्या, निर्माल्य, मूर्तींचे अवशेष, कधी मेलेली जनावरे आणि त्याखाली काळा, कुजका गाळ दिसतो. इथेच सर्वांत मोठा धोका आहे. बंद, कुजलेल्या विहिरीत प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असू शकतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर कोणी उतरू नये. पण दिवा तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असे ठरत नाही. वायुमापक नसेल तर अग्निशमन दलाची मदत घ्यावी, आत हवा सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि वर दोर धरणारी माणसे जागची हलू नयेत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणे जिवावर बेतते. आतल्या माणसाला भोवळ आली म्हणून घाईने उडी घेणारा दुसराही दगावतो. विहिरींतल्या अपघातांत दोन-तीन जीव एकदम जातात ते यामुळेच. अठरा वर्षांखालच्या मुलांना विहिरीत उतरवू नये, त्यांनी वर घमेल्यांच्या रांगेत उभे राहावे.

गाळ निघाल्यावर विहिरीत पाझर कोणत्या बाजूने येतो हे दिसते. जुनी माणसे त्याची नेमकी आठवण सांगतात आणि ती बहुधा खरी निघते. मग कठडा, वर जाळी, पाणी तपासणी आणि गरजेप्रमाणे ब्लीचिंग पावडर. शेवटचे काम छोटे, पण सगळ्यात जास्त विसरले जाणारे: कठड्यावर रंगाची एक कायमची खूण करायची आणि तिथून पाण्याची पातळी दरमहा मोजायची. टेपला किंवा दोरीला वजन बांधून हे कोणीही करू शकते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण त्या विहिरी विरळ असतात. गावाची स्वतःची नोंदवही असेल तर उन्हाळ्यात भांडणाऐवजी आकड्यांवर बोलता येते.

हीच नोंदवही कार्यशाळेच्या उपयोगाची असते. चांगल्या जलकार्यशाळेत व्याख्यान कमी आणि हिशेब जास्त असतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लीटर पाणी पडले, हे पहिले वाक्य. बीदर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार हेक्टरच्या गावावर तो पडला तर साडेआठशे कोटी लीटर पाणी झाले. आकडा ऐकून माणसे चकित होतात, कारण त्याच गावात मे महिन्यात टँकर आलेला असतो. मग वजाबाकी सुरू होते. बरेचसे पाणी वाफ होऊन जाते किंवा पिकांना लागते, काही ओढ्याने वाहून जाते. भूगर्भात मुरणारा वाटा दगडाच्या जातीप्रमाणे दोन-चार टक्क्यांपासून बारा-चौदा टक्क्यांपर्यंत असतो. आठ टक्के धरले तर गावाच्या खात्यात अडुसष्ट कोटी लीटर जमा होतात.

आता खर्च. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लीटरचे मान धरले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने वर्षाला सुमारे चार कोटी लीटर लागतात. म्हणजे पिण्याचे आणि घरगुती वापराचे पाणी मुळात फार नाही. मग जाते कुठे? एका एकर उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर पाणी धरले तर ते ऐंशी लाख लीटरच्या वर होते. त्यातला काही भाग पावसातून मिळतो, पण एकूण गरज मोजली तर पाच एकर ऊस आणि दोन हजार माणसांचे वर्षाचे पाणी जवळपास सारखेच. बीदर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, ऊस हे रोख पैशाचे पीक आहे, आणि ऊस लावणाऱ्याला दोषी ठरवून कोणतीही कार्यशाळा यशस्वी होत नाही. पण हे आकडे फळ्यावर स्वतः मांडलेला शेतकरी ठिबकचा, उसाखालच्या क्षेत्राचा किंवा तुरीचा विचार वेगळ्या नजरेने करू लागतो. कलबुर्गीची तूर तर भौगोलिक मानांकन मिळवलेले पीक आहे, आणि ती काळ्या जमिनीत बहुतांशी पावसावरच येते.

महाराष्ट्रात हा हिशेब गावाच्या कारभारात उतरलेला पाहायचा तर अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार १९९० मध्ये सरपंच झाले, आणि तिथे पावसाच्या मोजणीवरून वर्षाचे पाण्याचे अंदाजपत्रक करून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवण्याची पद्धत रुजली. शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके गावाने स्वतःहून टाळली. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. तिचा क्रम शिकण्याजोगा होता: आधी गावातल्या निवडक माणसांना निवासी प्रशिक्षण, मग ठरावीक मुदतीत श्रमदान. अंबाजोगाई तर मांजरेच्याच खोऱ्यात. औरादच्या शेतकऱ्याला तिथे जाऊन पाहायला भाषेचीही अडचण नाही. अशा अभ्यास सहली दूरच्या प्रशिक्षण केंद्रांपेक्षा जास्त शिकवतात.

आता सभेकडे. कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत बहुधा अनेक गावे असतात, म्हणून वॉर्डसभा ही सर्वांत जवळची पायरी आहे. १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे वॉर्डसभा आणि ग्रामसभा दर सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावीच लागते. वॉर्डसभेत कामांची मागणी व प्राधान्य ठरते आणि ते ग्रामसभेपुढे जाते. ग्रामसभेची गणपूर्ती एकदशांश मतदार किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. शंभर माणसे ही काही अशक्य गोष्ट नाही. एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त जमतात. तरीही सभा ओस पडते, कारण वेळ मजुरीच्या तासात ठेवलेली असते, दवंडी उशिरा दिली जाते, किंवा मागच्या ठरावांचे काय झाले हे कोणी सांगत नाही.

बायांची वेळ आणि बायांची जागा हा वेगळाच प्रश्न आहे. पाणी भरणारी बाई गावातल्या कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा पाण्याबद्दल अधिक जाणते: कोणत्या महिन्यात कोणता हातपंप आटतो, कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवायला चालत नाही, दलित वस्तीच्या नळाला किती उशिरा पाणी येते. ती सभेत मागे उभी राहते आणि बोलत नाही. ज्या गावांत बचत गटांच्या बाया आदल्या दिवशी आपली वेगळी बैठक घेऊन मुद्दे लिहून आणतात, तिथे हे चित्र बदलते. सीमेवरच्या गावांत आणखी एक साधी सोय करता येते. इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिले जाते, ते योग्यच आहे. पण मराठी, उर्दू किंवा लमाणी बोलणाऱ्यांना आपल्या भाषेत बोलू द्यावे आणि शेवटी ठराव सर्वांना समजेल असा मोठ्याने वाचून दाखवावा. आपण कशाला हात वर केला हे कळलेला माणूस त्या ठरावाची राखण करतो.

ठराव कसा लिहिला जातो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ‘तलावाची स्वच्छता करावी’ या ओळीतून काहीच होत नाही. कोणता तलाव, सर्वे नंबर काय, अतिक्रमण मोजायला तहसीलदाराकडे कोण अर्ज देणार, गाळ कोणाच्या शेतात जाणार, वाहतूक कोण करणार, निधी कोणत्या योजनेतून, आणि पुढच्या सभेत अहवाल कोण देणार, हे नाव आणि तारखेसह लिहिले तर पंचायत विकास अधिकाऱ्यालाही काम करणे सोपे जाते. इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागता येते. ती भांडायला मागावी असे नाही. गावच्या वाचनालयात लावायलाही ती उपयोगी पडते.

याच पंचायतीत आणखी एक समिती कायद्याने असायला हवी, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. गावातली झाडे, पक्षी, मासे, गुरांच्या जाती, ज्वारीचे आणि कडधान्यांचे जुने वाण, औषधी वनस्पती आणि त्यांचे जाणकार यांची ही नोंद. एखाद्या एजन्सीने शहरात बसून भरलेली नोंदवही काही कामाची नसते. शाळेची मुले, मेंढपाळ, वैदू आणि म्हाताऱ्या शेतकरणी यांना घेऊन शिवारफेरी काढली तर तीच नोंदवही गावाचे पाठ्यपुस्तक होते. कलबुर्गीतल्या चिंचोळी तालुक्यात सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. कोरड्या प्रदेशातले असे जंगल दक्षिणेत दुर्मीळ. बीदरच्या गवताळ माळांवर काळविटांचे कळप दिसतात. माळरान म्हणजे पडीक जमीन अशी समजूत असेल तर तिथे चांगल्या हेतूने झाडे लावली जातात आणि काळविटाचे घर जाते. कोणती जागा झाडांची आणि कोणती गवताची, हे कळण्यासाठी वृक्षारोपणाआधी कार्यशाळा हवी.

बियाण्यांच्या बाबतीत बीदरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या जहीराबादजवळ, पाहण्यासारखे काम झाले आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. तिच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतल्या, बहुसंख्य बाया दलित, अल्पभूधारक शेतकरी. त्यांनी भरडधान्यांचे आणि कडधान्यांचे जुने वाण घराघरांत जपले. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सजवलेल्या बैलगाड्यांतून बियाण्यांची मिरवणूक गावोगाव जाते, आणि जिथे थांबते तिथे शेतकऱ्यांची बैठक होते. २००८ मध्ये याच बायांनी सामुदायिक रेडिओ केंद्र चालवायला घेतले आणि २०१९ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. सभेला लोक येत नाहीत ही तक्रार इथे सुटली, कारण सभाच जत्रेच्या रूपात लोकांच्या दारी गेली.

कलबुर्गीच्या सेडम, चितापूर, शहाबाद या पट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. तिथल्या चुनखडकावर सिमेंटचे मोठे कारखाने आणि फरशीच्या खाणी उभ्या आहेत. अशा मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी ती झाली असे धरले जाते. त्यामुळे तिथे गैरहजर राहणे म्हणजे आपले म्हणणे सोडून देणे. आक्षेप लेखीही देता येतो आणि तो इतिवृत्तात येतोच. रोजगार की धूळ असा वाद घालून तिथे काही हाती लागत नाही. धूळ मोजण्याचे यंत्र कुठे बसणार, खाणीतले पाणी उपसल्यावर आसपासच्या विहिरींची पातळी कोण मोजणार, खाण संपल्यावर खड्ड्याचे काय होणार, असे नेमके प्रश्न विचारले की त्यांची उत्तरे मंजुरीच्या अटींत येण्याची शक्यता वाढते. विहिरीच्या कठड्यावर खूण करून ठेवलेली पातळीची नोंद अशा वेळी पुराव्याचे काम करते.

नदीच्या बाबतीत मात्र एक मोठी उणीव राहिली आहे. गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याची राज्यांत वाटणी करणारा लवादाचा निवाडा १९८० मध्ये झाला आणि मांजरा त्यात येते. पण वरच्या लातूर-निलंग्याच्या गावांनी आणि खालच्या औराद-भालकीच्या गावांनी एकत्र बसून वाळू, बंधारे, उसाचे क्षेत्र किंवा सांडपाणी यांवर बोलावे अशी लोकांची कायमची बैठक या नदीकाठी रुजलेली दिसत नाही. सोयरिकी होतात, बाजार भरतात, दिंड्या जातात; नदीसाठी बैठक होत नाही. यासाठी कोणत्याही राज्याच्या परवानगीची गरज नाही. दोन्ही काठांवरच्या पंचायतींनी आणि कॉलेजांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, आपापल्या विहिरींच्या नोंदी घेऊन एकत्र बसावे, एवढ्याने सुरुवात होईल. गाणगापुरात भीमेच्या घाटावर महाराष्ट्रातून हजारो भाविक येतात. तिथली स्वच्छताही एकट्या स्थानिक पंचायतीवर टाकून भागणार नाही. सोलापूर-अक्कलकोटकडच्या भक्तमंडळींनी तिच्यात हात घालायला हवा.

बीदर-कलबुर्गीत किंवा सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या वाचकाने येत्या मे महिन्यात आपल्या गावातल्या एका सार्वजनिक विहिरीची पातळी मोजावी, ऑक्टोबरअखेर पुन्हा मोजावी, आणि ते दोन आकडे लिहिलेला कागद घेऊन पुढच्या वॉर्डसभेला किंवा ग्रामसभेला जावे. सोबत शेजारच्या दोन घरांतली माणसेही न्यावीत.